हळद लावलेला धनेश

"बाबा, याला हळद लागलीये का?" सिंगापूरच्या 'बर्ड पॅराडाइज'मध्ये गरुड धनेशापुढे उभी राहून लेकीने विचारलं. हसलो खरा, पण तिचं फारसं चुकलं नव्हतं. या धनेशाच्या चोचीचा आणि चोचीवरच्या शिंगासारख्या टोपाचा पिवळाजर्द रंग वरून लावलेलाच असतो. शेपटीच्या मुळाशी तेलाची एक ग्रंथी असते. तिच्यावर चोच आणि टोप घासायचे, मग तेच पिवळं तेल मानेच्या आणि पंखांच्या पांढऱ्या पिसांना फासायचं, असा त्याचा रोजचा साजशृंगार.

या तेलाचा एक किस्सा इथल्या पक्ष्यांच्या जुन्या घरचा, जुरॉंग बर्ड पार्कचा आहे. ते १९७१ साली सुरू झालं, जानेवारी २०२३ मध्ये बंद झालं आणि तिथले पक्षी मंडाई भागातल्या या नव्या उद्यानात आले. २०१८ साली तिथल्या २२ वर्षांच्या एका नर गरुड धनेशाच्या टोपावर आठ सेंटीमीटरची चीर दिसली. तपासणीत कर्करोग निघाला. डॉक्टरांनी सीटी स्कॅन करून थ्रीडी प्रिंटरवर दोन वस्तू छापून घेतल्या : टोप नेमका कुठे, कोणत्या कोनात कापायचा ते दाखवणारा साचा आणि त्या जागी बसणारा नवा टोप. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी पक्षी नेहमीसारखं खाऊ लागला. एवढंच नाही, तो नवा टोप तेलग्रंथीवर घासू लागला. प्लास्टिकलाही हळद लागली! परकी वस्तू त्याने आपली मानली की नाही, याचं याहून चांगलं प्रमाणपत्र कोणता डॉक्टर देणार?

उद्यान मोठं आहे : सतरा हेक्टर, सुमारे चारशे जातींचे साडेतीन हजार पक्षी. जाळीखालच्या भल्यामोठ्या दालनांतून आपण चालायचं आणि पक्षी डोक्यावरून उडत जाणार. मुलांना बरोबर घेऊन सगळं एका दिवसात उरकायचा हट्ट धरू नये. बालीची मैना मात्र चुकवू नका. आपल्या साळुंकीचीच ही नातलग, पण पांढरीशुभ्र आणि डोळ्यांभोवती निळी कातडी. या देखणेपणापायीच ती पिंजऱ्यांच्या बाजारात गेली आणि बालीच्या रानात एकेकाळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. पिंजऱ्यात वाढवलेली पिल्लं पुन्हा रानात सोडायची, या धडपडीवरच तिची भिस्त आहे.

धनेशांचं दुखणं वेगळं. त्यांना ढोली लागते आणि ती स्वतः कोरता येत नाही. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते, विष्ठा आणि चिखलाने तोंड लिंपून घेते आणि चोचीपुरती फट ठेवते. नर त्या फटीतून एकेक फळ भरवत राहतो. म्हातारी झाडं तुटली की हा संसारच मोडतो. कोकणातल्या मलबारी कवड्या धनेशाला देवरायांतल्या जुन्या झाडांचा आधार आहे. त्याचा सख्खा भाऊ शोभेल असा पूर्वेकडचा कवड्या धनेश सिंगापुरातून एकोणिसाव्या शतकातच नाहीसा झाला होता. १९९४ मध्ये तो पुलाऊ उबिन बेटावर पुन्हा दिसला. मग २००४ पासून जुरॉंग बर्ड पार्क, सरकारी उद्यान विभाग आणि संशोधक यांनी मिळून झाडांवर कृत्रिम ढोल्या बसवल्या आणि त्यांत कॅमेरेही लावले. लिंपलेल्या दाराआडचं बाळंतपण माणसाला दिसू लागलं.

धनेश वाढले, आता ते शहरातल्या इमारतींच्या कठड्यांवरही येऊन बसतात. पण हा पक्षी नुसता फलाहारी नाही. विणीच्या दिवसांत पिल्लांसाठी सरडे, किडे, छोटी पाखरं, काहीही चालतं. त्यामुळे गॅलरीत पिंजरा टांगलेल्या काही हौशी मंडळींवर पाहुण्याने आपलं पाखरू गजाआडून ओढून नेल्याची तक्रार करायची वेळ आली आहे.

लेकीला हे सांगितलं. तिने धनेशाकडे बघितलं आणि मला विचारलं, "मग पिंजरा टांगला कशाला?"