छोटा ई-ट्रक घेण्याआधी क्रेट मोजा

टोमॅटोचा भरलेला क्रेट साधारण 22 किलोचा असतो: 20 किलो माल, दोनेक किलो प्लास्टिक. साडेसातशे किलो वाहणाऱ्या छोट्या ई-ट्रकमध्ये असे 34 क्रेट बसतात. पुढे जागा उरली तरी वजन संपलेलं असतं. सात फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद डाल्यात (मागच्या उघड्या हौद्यात) एका थराला 12 क्रेट मावतात, म्हणजे 34 क्रेटचे तीन थर. क्रेटची उंची 29 सेंटिमीटर धरली तर सगळा माल 87 सेंटिमीटरमध्ये, तीन फुटांच्या आत बसला. मग नाशिकजवळच्या गिरणारे किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात फक्त टोमॅटो नेणाऱ्याने पाच फूट उंचीचा बंद कंटेनर कशासाठी बांधून घ्यायचा?

डिझेलच्या छोट्या हत्तीला हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण उंच बॉडीमुळे जळणारं जादा डिझेल रोजच्या हिशेबात दिसत नाही आणि पंप रस्त्यात कुठेही भेटतो. विजेच्या गाडीत मात्र बॉडी, वेग आणि रेंज (एका चार्जवर कापलं जाणारं अंतर) या तिघांची थाळी एकच. एकाने जास्त वाढून घेतलं की दुसऱ्याला कमी पडतं.

कुणाला किती लागतं हे आकड्यांत बघू. एक किलोवॉट-तास, म्हणजे हजार वॉट-तास, हे आपल्या वीजबिलातलं एक युनिट, त्यामुळे पुढे युनिटच म्हणू. टाटाने 2022 मध्ये आणलेल्या एस ईव्ही या छोट्या ई-ट्रकची बॅटरी 21.3 युनिटची आणि प्रमाणित रेंज 154 किलोमीटर, म्हणजे युनिटला सव्वासात किलोमीटर. 2025 मध्ये आलेल्या एस प्रो ईव्हीची बॅटरी अवघी 14.4 युनिटची, तरी प्रमाणित रेंज 155 किलोमीटर. दुसरी गाडी हलकी आणि लहान आहे हे खरंच, पण हेही ध्यानात ठेवावं की प्रमाणित रेंज ही ठरावीक चाचणीतली असते. तिथे समोरून वारा नसतो, घाट नसतो आणि मागे तुमच्या बॉडीवाल्याने चढवलेला डबाही नसतो. पत्रकातला आकडा दोन गाड्यांची तुलना करायला ठीक आहे, खेप ठरवायला नाही.

खेप ठरवायची तर हिशेब असा. गाडी, चालक आणि माल मिळून वजन 2 टन धरा. सपाट डांबरी रस्त्यावर टायर गरगरत ठेवायला जो जोर लागतो तो वजनावर ठरतो, वेगाने फारसा बदलत नाही. या वजनाला किलोमीटरमागे साधारण 65 वॉट-तास लागतात. हवेचं गणित निराळं. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि समोरून दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या पटीत वाढतो. केबिनच्या उंचीतच राहणाऱ्या उघड्या डाल्याला ताशी 40 च्या वेगाने हवा कापायला किलोमीटरमागे 25 वॉट-तास लागतात, ताशी 60 ला 55. केबिनच्या वर दीड-दोन फूट डोकावणाऱ्या चौकोनी कंटेनरला हेच आकडे 37 आणि 84 असे होतात. त्यात मोटर, तिला वीज मोजून देणारा कंट्रोलर आणि गिअरमधली गळती मिळवून, 21 युनिटच्या बॅटरीतली 19 युनिट वापरायला मिळतात असं धरलं, तर उघडा डाला 40 च्या वेगाने सुमारे 170 किलोमीटर जातो आणि 60 च्या वेगाने 130. कंटेनर 40 च्या वेगाने 150 आणि 60 च्या वेगाने 107. गाडी तीच, बॅटरी तीच, मालही तेवढाच. 170 चे 107 झाले ते डब्यामुळे आणि पायामुळे.

याच हिशेबातून निघणारी एक गोष्ट बहुतेकांना खोटी वाटते. सपाट रस्त्यावर 750 किलो माल उतरवून गाडी रिकामी केली तर किलोमीटरमागे 29 वॉट-तास वाचतात. उलट कंटेनरची भरलेली गाडी 60 ऐवजी 40 ने हाकली तर 53 वाचतात. तरी रेंज कमी पडली की पहिला दोष ओझ्यालाच दिला जातो.

म्हणून नेहमी चाळिशीनेच चालवा असं नाही. नाशिकहून पिंपळगाव सुमारे 30 किलोमीटर. 60 ने अर्धा तास, 40 ने पाऊण तास. त्या पंधरा मिनिटांसाठी कंटेनरच्या गाडीला दीड युनिटपेक्षा थोडी जास्त वीज मोजावी लागते. लिलाव चुकत असेल तर खुशाल मोजावी. परतीला गाडी रिकामी असताना 60 ने पळवण्यात मात्र काही हशील नाही.

या गाड्यांचा कमाल वेग 60-70 च्या आसपासच का असतो, यामागे स्वस्ताईचं गणित आहे. यांना गिअर एकच. मोटरचे साधारण दहा फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो असं प्रमाण ठेवलं, तर 60 च्या वेगाला मोटर मिनिटाला साडेपाच-पावणेसहा हजार फेरे घेते. प्रमाण कमी केलं तर वेग वाढेल, पण भरलेली गाडी चढावर उभी राहिली की पुन्हा निघणार नाही. दोन्ही हवं तर मोठी मोटर किंवा दुसरा गिअर लागतो, म्हणजे किंमत वाढते. शहरातल्या खेपांना चढावर उचलणारी गाडी हवी. 80 चा वेग तिथे नुसता पत्रकातच शोभतो.

आता बॉडी. टोमॅटो, कांदा, द्राक्षं हा जड माल, तो उंचीआधी वजनाने गाडी भरतो. याला तीन-साडेतीन फुटी बाजूंचा डाला पुरतो. जमिनीपासून डाल्याच्या तळापर्यंत सव्वादोन फूट धरले तरी वरची कड केबिनच्या आडोशात राहते आणि हवेला वेगळं काही कापावं लागत नाही. ताडपत्री मात्र ताणून, बाजूंना आवळून बांधावी. फडफडणारी ताडपत्री म्हणजे उंची न वाढवता वाढवलेला अडथळा. कोथिंबीर-मेथीच्या जुड्या, पार्सल, बेकरीचा माल, थर्माकोल हे हलकं आणि फुगीर. यांना उंच डबाच हवा, आणि या खेपा बहुधा नाशिकच्या सिडको, इंदिरानगर, पंचवटी अशा वस्तीतल्या, कमी वेगाच्या असतात, त्यामुळे हवेचा दंड फार बसत नाही. उंच डबा आणि हायवे ही जोडी तेवढी टाळावी. टाळता येत नसेल तर डब्याची पुढची वरची कड गोल करून घ्यावी आणि केबिन व डब्यामधली फट कमीत कमी ठेवावी.

डब्याचं वजन बॉडीवाल्याकडून काट्यावर करून घ्यावं, कारण ते थेट भाड्यातून जातं. सात बाय पावणेपाच बाय पाच फुटी डब्याला जवळपास 14 चौरस मीटर पत्रा लागतो. 1.2 मिलिमीटरच्या लोखंडी पत्र्याचं वजन चौरस मीटरला 9.4 किलो, म्हणजे नुसता पत्राच 130 किलोच्या घरात, सांगाडा वेगळा. दीड मिलिमीटरच्या अॅल्युमिनियमचं हेच वजन 56 किलो. फरक 70 किलोंहून जास्त, म्हणजे दर खेपेला टोमॅटोचे तीन क्रेट. दिवसाला दोन खेपा करणाऱ्याला अॅल्युमिनियमची जादा किंमत किती महिन्यांत सुटते ते आपल्या भाड्याच्या दराने काढता येईल.

थंड डबा हवा असेल तर बॅटरीवर चालणारं कूलिंग बसवण्याआधी दहादा विचार करा. एक किलोवॉटचा कॉम्प्रेसर पाच तास चालला की पाच युनिट गेली, बॅटरीचा चौथा हिस्सा. त्यापेक्षा रात्री घरच्या विजेवर गोठवलेल्या थंड प्लेटा न्याव्यात. पाण्याचा एक किलो बर्फ वितळताना 93 वॉट-तास उष्णता शोषतो, म्हणजे 40 किलो बर्फात पावणेचार युनिट थंडावा. ते 40 किलो ओझं तेवढं मोजावं लागतं. डब्याला साठेक मिलिमीटर पफचं (उष्णता अडवणाऱ्या फोमचं) अस्तर दिलं तर त्याचं वजन चौरस मीटरला अडीच किलोसुद्धा होत नाही. इथे कंजुषी करू नये.

बॉडी बांधताना चुका होतात त्या दोन ठिकाणी. चेसिसला वेल्डिंग करताना 12 व्होल्टची बॅटरी आणि मोठ्या बॅटरीचा सर्व्हिस डिस्कनेक्ट (तिची वीज तोडणारा खटका) दोन्ही सोडवलेलं असलं पाहिजे आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ हवा, नाहीतर प्रवाह कंट्रोलरमधून वाट काढतो. मोठ्या बॅटरीची वीज नेणाऱ्या नारिंगी आवरणाच्या केबलजवळ ड्रिल लावूच नये. दुसरी चूक दिव्यांची. जादा दिवे, टेप, पंखे सगळे 12 व्होल्टच्या छोट्या बॅटरीला जोडले जातात. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही, कारण मोठ्या बॅटरीचा कॉन्टॅक्टर (तिची वीज जोडणारा स्विच) ओढायला तेच 12 व्होल्ट लागतात. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, तेव्हा बॉडीचा प्रकार बदलायचा तर आधी आरटीओची मंजुरी.

घाटाचा हिशेब वेगळाच. कसाऱ्याहून इगतपुरीला चढताना साधारण 300 मीटर उंची गाठावी लागते. 2 टनांच्या गाडीला नुसत्या उंचीपोटी दोन युनिट जादा लागतात, आणि इथे ओझं खरोखर नडतं. उतरताना मोटर गाडी रोखत वीज तयार करते, हाच मोटरचा ब्रेक. घाटाची लांबी दहा किलोमीटर धरली तर उतरताना जेमतेम अर्धं युनिट बॅटरीत परत येतं. बाकीचं टायर आणि हवा खातात, पण ते दहा किलोमीटर फुकटात झालेले असतात. नाशिकहून भिवंडीची खेप, एका बाजूने सव्वाशे किलोमीटरच्या वर, 21 युनिटच्या कंटेनरला झेपणारी नाही. येताना समुद्रसपाटीच्या जवळून नाशिकच्या पठारावर यायचं तर साडेतीन युनिटहून जास्त चढाईतच जातात आणि 60 च्या वेगाला रेंज 86 किलोमीटरवर येते. आणखी एक: इगतपुरीला 100 टक्के चार्ज करून घाट उतरू नका. भरलेल्या बॅटरीत परत येणारी वीज घ्यायला जागा नसते, मोटरचा ब्रेक लागत नाही आणि सगळा भार ब्रेक लायनरवर येऊन ते तापतात. 85 टक्क्यांवर थांबलेलं बरं.

मोटरचा हाच ब्रेक थंडीतही कमी होतो. यातल्या बऱ्याच गाड्यांत लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी असते. ती उन्हाळ्यात भरवशाची, पण गारठ्यात चार्ज घ्यायला कुरकुरते. निफाडला पारा 5 अंशांच्या खाली जातो त्या पहाटे पहिले काही किलोमीटर गाडी नेहमीसारखी ओढून धरत नाही. बिघाड नाही तो. अंतर राखून चालवावं, बॅटरी वापरात गरम झाली की सुधारतं. या बॅटरीचं व्होल्टेज अर्ध्यावर असो की पाऊण, जवळपास सारखंच राहतं, म्हणून टक्क्यांचा काटा हळूहळू चुकू लागतो. आठवड्यातून एकदा पूर्ण 100 पर्यंत चार्ज केली की तो पुन्हा जागेवर येतो.

गाडी निवडताना आठ दिवसांच्या खेपा लिहून काढा, त्यातला सगळ्यात लांबचा दिवस घ्या आणि त्याला 0.7 ने भागा. रोज 85 किलोमीटर होत असतील तर तुमच्या बॉडीसह, तुमच्या वेगाने 120 किलोमीटर जाणारी गाडी हवी. उरलेल्या 30 टक्क्यांत बॅटरीचं म्हातारपण, पावसाळ्यातला ओला रस्ता आणि कमी हवेचे टायर येतात.

चार्जिंगला 15 अँपिअरच्या सॉकेटवरून तासाला तीन युनिट जातात, म्हणजे रिकामी बॅटरी सात तासांत भरते. शेतावरच्या पंपाच्या फीडरवर अवलंबून राहू नये. तिथे वीज पाळीने येते आणि व्होल्टेज पडलं की चार्जर आपोआप बंद होतो. मीटरपासून वेगळी 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, 20 अँपिअरचा एमसीबी (जादा भार आला की पडणारा खटका), 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पडणारा खटका) आणि नीट अर्थिंग एवढं हवंच. पहिल्या दिवशी चार्जिंगला लावून अर्ध्या तासाने प्लगच्या बाहेरच्या आवरणाला हात लावून बघा. कोमट असेल तर चालेल. हात ठेववत नसेल तर आत स्क्रू सैल आहे किंवा पिना ढिल्या बसतात. एमसीबी बंद करून सॉकेट त्याच दिवशी बदला.