उकिरड्यात अळ्या पडल्या म्हणजे खत नासलं?

आमच्या विदर्भात पावसाळ्यात एक गोष्ट दरवर्षी ऐकू येते: शेणाला पाणी लागलं की त्यातून अळ्या आपोआप निपजतात आणि खत नासतं. मग कुणी रॉकेल ओततं, कुणी कपाशीच्या फवारणीतलं उरलेलं औषध. हे थांबायला हवं.

अळ्या शेणातून जन्मत नाहीत. त्या माशीच्या अंड्यांतून येतात. इटलीच्या रेडी नावाच्या शास्त्रज्ञाने 1668 मध्येच मांस कापडाने झाकून हे दाखवलं होतं. घरमाशी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते आणि ती दिवसभरात फुटतात. फावड्याने ढिगाचा वरचा थर उचलून बघा: पांढऱ्या, पाय नसलेल्या, तोंडाकडे निमुळत्या अळ्या वरवरच्या ओल्या थरातच वळवळताना दिसतील. आत हात घातला तर चटका बसतो, तिथे त्या जगत नाहीत. त्या शेण आणि त्यातले जिवाणू खातात, खत नासवत नाहीत. समुद्रकाठी वाहून आलेल्या शेवाळाच्या कुजत्या ढिगातही तिथल्या माश्यांच्या अळ्या हेच काम करतात.

त्रास खरा आहे तो माशीचा. ती शेणावरून उठून भाकरीवर बसते, हगवण पसरवते. उन्हाळी दिवसांत अंड्यापासून माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून दर आठवड्याला ढीग पलटवा, बाहेरचा थर आत गाडा. अळ्या उष्णतेनेच मरतात.

मात्र इंग्रजी 'सी'सारखी वळलेली, तपकिरी डोक्याची, पायांची जाड अळी दिसली, तर ती भुंग्याची. पिकांची मुळं खाणारी हुमणीही असू शकते. ती वेचून काढल्याशिवाय खत वावरात नेऊ नका.