संतांची मध्यस्थी: सदरमधल्या दोन कॅथेड्रलांमागचा जुना वाद

नागपूरच्या सदर भागात कॅथलिकांचे सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल आहे आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट मंडळीचे ऑल सेंट्स कॅथेड्रलही. संतांचे नाव दोघांनाही चालते. पण संतांना ‘आमच्यासाठी विनंती करा’ म्हणणे पहिल्या ठिकाणी नित्याचे, तर दुसऱ्या ठिकाणी अनेकांना खटकणारे. हा मतभेद इथला नाही. मिशनऱ्यांच्या सामानासोबत तो आला.

प्रथा फार जुनी. रोमच्या सेंट सेबॅस्टियन भुयारी दफनभूमीत तिसऱ्या शतकातल्या भाविकांनी पेत्र आणि पौल या प्रेषितांना उद्देशून ‘अमक्यासाठी प्रार्थना करा’ असे भिंतीवर खरडून ठेवले आहे. विरोधही जुनाच. इ.स. ४०६ च्या सुमारास व्हिजिलँशियस या धर्मगुरूने मेलेले लोक आपल्यासाठी प्रार्थना करतात यावरच शंका घेतली. बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोम याचे उत्तर म्हणजे निम्मी शिवीगाळ, पण मुद्दा वजनदार होता: देहात असताना हुतात्मे इतरांसाठी प्रार्थना करू शकत होते, मग विजय मिळाल्यावर ते गप्प का बसतील?

१५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबात, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यात, ल्यूथरपंथीय प्रोटेस्टंटांनी सांगितले की, संतांची आठवण ठेवा, त्यांचा कित्ता गिरवा, पण त्यांना हाक मारायला शास्त्राधार नाही. मध्यस्थ एकच, ख्रिस्त (१ तीमथ्य २:५). पुढच्याच वर्षी त्याच कबुलीजबाबाच्या समर्थनात त्यांनी संत स्वर्गात मंडळीसाठी प्रार्थना करतात हे मान्यही केले! म्हणजे भांडण संतांच्या प्रार्थनेचे नाही, आपण ती मागावी का याचे आहे. दोन्हीकडचे लोक नेमके हेच विसरतात, असे मला वाटते. कॅथलिक म्हणतात, शेजाऱ्याला प्रार्थनेची विनंती करतो तशीच ही. शिवाय ते इब्री १२:१ मधल्या ‘साक्षीरूपी मेघा’कडे आणि दुसऱ्या मक्काबी ग्रंथाकडे बोट दाखवतात. या ग्रंथात मृत यिर्मया संदेष्टा लोकांसाठी प्रार्थना करताना दिसतो. पण प्रोटेस्टंट तो ग्रंथ बायबलात धरतच नाहीत.

१५६३ मध्ये दोन्ही बाजूंनी दार लावले. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेने संतांकडे विनवणी करणे ‘चांगले व उपयुक्त’ ठरवले, तर इंग्लंडच्या (अँग्लिकन) चर्चने आपल्या श्रद्धा-कलमांपैकी बाविसाव्यात रोमची ही शिकवण निराधार ठरवली.

फ्रान्सिस डी सेल्स हे याच काळाचे अपत्य. कॅल्व्हिन या प्रोटेस्टंट सुधारकाच्या पंथातल्या शाब्ले प्रांतात लोक प्रवचनाला येईनात, तेव्हा त्यांनी पत्रके लिहून दारांखालून सरकवली. त्यांच्याच नावाच्या, फ्रान्सच्या आनसी गावातल्या मिशनऱ्यांनी १८८७ मध्ये स्थापन झालेला नागपूर धर्मप्रांत सांभाळला. त्याआधीच, १८४५ मध्ये, मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपुरात आले होते. ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे कॅल्व्हिनच्याच परंपरेतले.

हिस्लॉप यांचा स्कॉटिश वारसा आणि अँग्लिकन वारसा २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडियात एकत्र आले. कॅथलिक बाहेरच राहिले. पुढे अँग्लिकन-कॅथलिक संयुक्त आयोगाने २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निवेदनात म्हटले की, संतांना प्रार्थनेची विनंती करणे शास्त्रविरोधी मानू नये, मात्र ते सक्तीचेही नाही. हे मत आयोगाचे आहे. बाविसावे कलम त्याने पुसले गेलेले नाही.