भिंतीला आवाज नसतो

दोघांच्या मारामारीचा कुठलाही व्हिडिओ गेम सुरू करा, हेडफोन लावा आणि डोळे मिटा. सुरुवातीला नुसता गोंगाट ऐकू येतो. मग त्या गुंत्यातून एकेक धागा सुटायला लागतो. उजव्या कानात पाय घासल्याचा आवाज आला, म्हणजे समोरचा पुढे सरकला. आखूडसा हुंकार म्हणजे उडी. हवेत सपकन काहीतरी फिरलं आणि पाठोपाठ 'धप्प' आलं नाही, तर वार हुकला. 'धप्प' आलं पण बोथट, दबलेलं, तर वार अडवला गेला. भरीव आलं आणि सोबत कुणीतरी कण्हलं, तर लागला. आता कण्हणारा कोण, आपण की तो, एवढंच ओळखायचं.

मी हा प्रयोग पडद्यावर टॉवेल टाकून केला. अकरा फेऱ्या हरलो. बाराव्या फेरीत दोनदा उडीचा आवाज ओळखून वेळेवर वार केला आणि मग पुन्हा हरलो. समोर माणूस नव्हता, संगणकच होता, तोही सगळ्यात सोप्या पातळीवर. पूर्ण अंध असलेले खेळाडू मात्र याच प्रकारच्या गेममध्ये डोळस लोकांशी स्पर्धेत भिडतात आणि त्यांना हरवतातही. हे गेम अंधांसाठी बनवलेले नव्हते. मग जमतं कसं?

पहिलं कारण साधं भूमितीचं. 'स्ट्रीट फायटर' किंवा 'मॉर्टल कॉम्बॅट'मध्ये दोन्ही योद्धे एकाच रेषेवर पुढे-मागे सरकतात. या रेषेचं एक टोक डाव्या कानात, दुसरं उजव्या. स्टीरिओ आवाजात ती जशीच्या तशी उतरते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं मला. प्रत्येक डावाचा आवाज ठरलेला असतो आणि तो सहसा बदलत नाही. ध्वनिरचनाकारांनी हे केलं ते डोळस खेळाडूला ठोसा जड वाटावा म्हणून, फोडणीत हिंग घालावा तसं. पण एका क्रियेला एक आवाज, दरवेळी तोच, हा नियम पाळला गेला की आवाजांची भाषा तयार होते. भाषा म्हटली की ती शिकता येते.

या भाषेचा एक छोटा फायदाही आहे. प्रकाश पडल्यावर डोळ्यातल्या पेशींत रासायनिक क्रियांची साखळी चालते आणि मग संदेश मेंदूकडे निघतो. कानातल्या केसपेशी यांत्रिक धक्क्यानेच जाग्या होतात. म्हणून दिसलेल्या खुणेपेक्षा ऐकू आलेल्या खुणेवर माणूस साधारण ३० ते ४० मिलिसेकंद आधी बटण दाबतो. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये ही जवळपास दोन चित्रांची आघाडी झाली. क्षुल्लक वाटेल, पण मारामारीच्या गेममधले लोक एकेका चित्रासाठी भांडतात.

दिशा ओळखण्याचं गणितही थोडक्यात बघू. आवाज उजवीकडून आला की उजव्या कानाशी आधी पोचतो आणि डोक्याला वळसा घालून डाव्याशी नंतर. हा फरक जास्तीत जास्त ०.६५ मिलिसेकंदांच्या आसपास, पण मेंदू तेवढ्यावर काम भागवतो. शिवाय डोक्याची सावली पडते, त्यामुळे लांबच्या कानाला बारीक पट्टीतले आवाज मंद ऐकू येतात. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली या दोन युक्त्यांची जोडी मांडली. ती डावं-उजवं सांगते. पुढे की मागे, वर की खाली, हे मात्र तिला नीट सांगता येत नाही, कारण बरोबर समोरचा आणि बरोबर मागचा आवाज दोन्ही कानांशी एकाच वेळी पोचतो. तिथे कानाच्या पाळीच्या घड्या मदतीला येतात. येणाऱ्या दिशेप्रमाणे त्या आवाजाचा पोत किंचित बदलतात. आजचे गेम हे बदल गणिताने करून हेडफोनमध्ये सोडतात. पण प्रत्येकाच्या कानाची घडण वेगळी, त्यामुळे सरासरी कानासाठी केलेलं गणित कुणाला चपखल बसतं, तर कुणाला मागचा शत्रू समोर ऐकू येतो.

मारामारीच्या गेममध्ये ही अडचण येतच नाही. रेषा सोडून मोकळ्या त्रिमितीत पाऊल टाकलं की ती येते, आणि सोबत तिच्यापेक्षा मोठी दुसरी एक: भिंतीला आवाज नसतो. शत्रू गुरगुरतो, धबधबा कोसळतो, मशाल तडतडते. भिंत, खांब, दरवाजा, खड्डा, जमिनीवर पडलेली किल्ली हे सगळं मात्र मुकं. खऱ्या जगात पावलांचा, काठीचा आवाज भिंतीवरून परत येतो आणि सराव असलेल्या अंध माणसाला भिंत ऐकू येते. जिभेने टिचक्या वाजवून त्यांच्या पडसादावरून वाट काढणारी माणसंही आहेत. अशा दोन अंध व्यक्तींच्या मेंदूची चित्रं घेतली, तेव्हा पडसाद ऐकताना डोळस माणसांत जो भाग दृष्टीचं काम करतो, तोच जागा झालेला दिसला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आहे. गेममधली भिंत मात्र सहसा असा पडसाद देत नाही. बहुतेक गेम गुहेत शिरल्यावर सगळ्या आवाजांना मिळून एकच घुमारा लावतात. गुहेत आहोत हे त्यातून कळतं, भिंत किती हातांवर आहे ते कळत नाही.

तरीही १९९८ चा 'ऑकरिना ऑफ टाइम' हा झेल्डा मालिकेतला अवाढव्य त्रिमितीय गेम अंध खेळाडूंनी निव्वळ कानावर खेळून पार केलाय. कसा, ते बघण्यासारखं आहे. नायकाची तलवार भिंतीला लागली की खणकते. म्हणजे भिंत आपण होऊन बोलत नसेल, तर तिला मारून बोलतं करायचं. साखळीचा आकडा फेकला तर तो दगडावर आपटून परततो, लाकडात मात्र रुततो. समोर काय आहे आणि साधारण किती लांब, हे त्या आवाजावरून आणि लागलेल्या वेळावरून कळतं. गवत, दगड, लाकूड, वाळू यांवर पावलं वेगवेगळी वाजतात, म्हणून पायाखालची जमीन हाच नकाशा. भिंतीवरचे सोनेरी कोळी खरखरत असतात. बरोबरची परी काही दिसलं की 'हे!' म्हणून ओरडते. या परीला डोळस खेळाडूंनी वर्षानुवर्षं शिव्या घातल्यात. कानाने खेळणाऱ्याला तिच्याइतकं उपयोगी पात्र त्या गेममध्ये दुसरं नसेल.

एवढं करूनही ही वाट चिवटपणाची. डोळस माणूस अर्ध्या मिनिटात ओलांडेल अशा खोलीत तास जातो. याला मजा म्हणायचं का? बरेच जण म्हणतात, आणि मला ते पटतं. आवाजांची भाषा उलगडणं हाच तिथला खेळ असतो.

मग थेट आवाजाचाच गेम का नको, असं वाटेल. तेही झालंय. जपानमधले गेमनिर्माते केन्जी एनो यांनी १९९७ साली सेगा कंपनीच्या 'सॅटर्न' या गेमयंत्रासाठी 'रिअल साउंड' नावाचा गेम काढला. त्यात चित्र अजिबात नव्हतं आणि सोबत ब्रेलमधल्या सूचना होत्या. अंध लोक आपले गेम खेळतात हे कळल्यावर त्यांनी तो घडवला, आणि सेगाने अंधांसाठी एक हजार यंत्रं द्यावीत अशी अट घातली. असे ध्वनिगेम आजही निघतात आणि काही अप्रतिम आहेत. पण वर्गातली सगळी पोरं ज्या गेमबद्दल बोलतायत तोच आपल्यालाही खेळायचा असतो. त्याला पर्यायी गेमचं औषध चालत नाही.

१९ जून २०२० ला आलेल्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'ने मुक्या वस्तूंनाच वाचा दिली. नॉटी डॉग या कंपनीने सुलभतेच्या ६० हून अधिक सोयी त्यात घातल्या. ब्रँडन कोल हे अंध खेळाडू त्यांचे सल्लागार होते. त्यातली मला सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे कानाचा सोनार, पाणबुडीत पडसादावरून आसपासचं हेरणारं यंत्र असतं तसा. एक बटण दाबलं की आसपास लाट पसरते आणि शत्रू किंवा उचलण्याजोगी वस्तू असेल तिथून टणत्कार येतो. डावं-उजवं स्टीरिओ सांगतो. वर-खाली मात्र, आधी बघितलं तसं, कानाला नीट कळत नाही. तिथे त्यांनी सुराची पट्टी वापरली. वस्तू उंचावर असेल तर सूर चढा, खाली असेल तर उतरता. कानाची उणीव गाण्याच्या हिशेबाने भरून काढली. उडी मारण्याची जागा, वाकून जाण्याची जागा, प्रत्येकीला स्वतंत्र खूण, आणि खुणा घोकायला गेममध्येच एक ध्वनिकोश. दुसरं एक बटण दाबलं की पात्राचं तोंड कथेच्या वाटेकडे वळतं. कडेलोट होऊ नये म्हणून अदृश्य कठडाही आहे.

सुराची पट्टी निवडणं शहाणपणाचं होतं याला प्रयोगाचा आधार मिळतो. सूर चढला की उतरला हे ओळखण्यात लहान वयात दृष्टी गेलेले लोक डोळसांहून सरस ठरल्याचं माँट्रियलमधल्या संशोधकांनी २००४ साली 'नेचर'मध्ये मांडलं होतं. मोठेपणी अंध झालेल्यांत ही आघाडी दिसली नाही. 'अंधांचे कान तीक्ष्ण असतात' हा सरसकट समज म्हणून सोडून द्यावा. ती कमाई मेंदूची, आणि काही अंशी वयाची.

मोटारींच्या शर्यतीत प्रश्न वेगळा. तिथे सगळं ताशी दोनशे किलोमीटरने अंगावर येतं आणि 'दीडशे मीटरवर उजवं वळण' असं कुणी बोलून सांगेपर्यंत वळण मागे पडतं. कोलंबिया विद्यापीठात २०१८ साली यावर एक युक्ती मांडली गेली. गाडी रस्त्याच्या ज्या कडेकडे झुकते, त्यानुसार इंजिनाचाच आवाज एका कानातून दुसऱ्या कानात सरकतो, आणि येऊ घातलेल्या वळणाची वर्दी वेगळ्या टोल्यांनी मिळते. २०२३ च्या 'फोर्झा मोटरस्पोर्ट'मध्ये असंच काम करणाऱ्या खुणा मुळातच आल्या: वेग कमी कर, गिअर टाक, कड जवळ आली. त्याच वर्षीच्या 'स्ट्रीट फायटर सिक्स'मध्ये प्रतिस्पर्धी किती अंतरावर आहे तेही ऐकू येतं.

खुणा वाढवत जायला अर्थातच मर्यादा आहे. एकाच पट्टीतले दोन आवाज एकत्र आले की मोठा छोट्याला गिळतो. स्फोटाच्या क्षणी पावलं ऐकू येत नाहीत, आणि नेमकी तीच हवी असतात. म्हणून चांगल्या गेममध्ये संगीत, संवाद, खुणा यांचे आवाज वेगवेगळे कमी-जास्त करता येतात. अनेक अंध खेळाडू पार्श्वसंगीत आधी बंद करतात. संगीतकाराला वाईट वाटेल, पण इलाज नाही.

मात्र तो आवाज बंद करायला सेटिंगपर्यंत पोचावं लागतं, आणि घोडं बऱ्याचदा इथेच पेंड खातं. संगणकावरचा स्क्रीन रीडर मजकूर वाचतो, पण गेममधली अक्षरं चित्रासारखी रंगवलेली असतात, त्यामुळे त्याच्या लेखी तिथे काहीच नसतं. मग खेळाडू पाठ करतो: खाली तीनदा, बटण, उजवीकडे दोनदा, बटण. दर पावलाला 'टिक' वाजली तरी मोजणी जमते. हल्ली काही गेम मेनू स्वतःच वाचून दाखवतात. बाकीच्यांत एखाद्या रात्री अपडेट येतो, यादीत वरती नवीन जाहिरातीची एक ओळ घुसते, आणि सोनाराशिवाय राक्षस लोळवणारा माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 'खाली तीनदा' करून गेममधल्या दुकानात जाऊन पोचतो.