पिशवी काढली, पण हाडांचं काय?

बीडकडच्या ऊसतोड वस्त्यांवर एक वाक्य अजून ऐकू येतं: “पिशवी काढली की कटकट मिटली, नुसती पाळी बंद होते.” 2019 मध्ये इथल्या गर्भाशय (म्हणजेच ही पिशवी) काढण्याच्या शस्त्रक्रियांचा मुद्दा विधिमंडळात गाजला, चौकशी समितीही नेमली गेली, वाक्य काही गेलं नाही.

हाडं जपणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन पिशवीत तयार होत नाही. ते बनतं दोन बाजूंच्या अंडाशयांत. पिशवी काढून अंडाशयं ठेवली, तर हार्मोन चालू राहतं (ती थोडी लवकर थकू शकतात, एवढंच). दोन्ही अंडाशयं काढली, तर पाळी जाण्याच्या वयात हळूहळू होणारी घट एका दिवसात होते. मग पहिली काही वर्षं हाडं झपाट्याने झिजतात, तीही तिशी-पस्तिशीत.

म्हणून ट्रंकेतलं डिस्चार्ज कार्ड काढा. त्यावर ‘बीएसओ’ असेल, तर दोन्ही अंडाशयं गेलीत. किती बायकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं!

“कष्टाची बाई, तिची हाडं लोखंडाची” हेही अर्धंच खरं. मोळी उचलल्याने हाडांना बळ मिळतं, पण इस्ट्रोजेनची जागा मोळी घेत नाही. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्याही ती जागा घेत नाहीत. पंचेचाळिशीआधी अंडाशयं गेली असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञाला हार्मोनच्या गोळ्यांबद्दल विचारा. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्यांना त्या सहसा देत नाहीत. डेक्सा तपासणीत (हाडांची घनता मोजणाऱ्या) टी-स्कोअर, म्हणजे घनतेचा आकडा, उणे 2.5 किंवा त्याखाली आला, तर हाडं ठिसूळ झालीत. दुखत नाही म्हणून थांबू नका, मनगट मोडेपर्यंत ती दुखतच नाहीत.