अंबाझरीची होडी आणि खिशातलं पिस्तूल

"मामा, हे पहा. तळहाताएवढं, अन् गोळी पंचेचाळीसची!" भाच्याने मोबाइल पुढे केला. कपड्यांखाली लपवून बाळगायच्या पिस्तुलाचे गुण कोणी अमेरिकी माणूस गात होता. पंचेचाळीस म्हणजे .४५ इंच बोर, म्हणजे नळीचा आतला व्यास. आपल्याकडे ९ मिलिमीटरसुद्धा निषिद्ध बोर, साध्या परवान्यावर मिळत नाही. त्यामुळे भाचा ते विकत आणेल ही भीती नव्हती. मला खटकलं ते त्याचं पुढचं वाक्य: "ही लागली का माणूस उडून दहा फूट मागं पडते."

नाही पडत. गोळीला जेवढा संवेग (वजन गुणिले वेग) मिळतो, तेवढाच उलट दिशेने पिस्तुलाला आणि तिथून झाडणाऱ्याच्या हाताला मिळतो. समोरचा उडणार असेल तर झाडणाराही उडायला हवा. .४५ ची गोळी साधारण १५ ग्रॅमची, वेग सेकंदाला २५५ मीटर, किलोत मोजला तर गुणाकार ३.८. हा सगळा संवेग ७० किलोच्या माणसात जिरला, तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला साडेपाच सेंटिमीटर. सणासुदीला नागपूरच्या सीताबर्डी बाजारात याहून जोराचे धक्के बसतात. गोळी जीव घेते ती शरीर फाडून.

आता आकाराकडे येऊ. अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारलेलं जॉन ब्राउनिंगचं .४५ पिस्तूल सुमारे १.१ किलोचं. खिशात मावणारं धरा ६०० ग्रॅम. संवेग तोच, वजन जवळपास निम्मं. म्हणून मागे येण्याची ऊर्जा साडेसहा ज्यूलवरून थेट बारावर जाते. (काडतुसातल्या दारूच्या वायूंचा धक्का मी सोडून दिलाय.) गंमत म्हणजे ९ मिलिमीटरच्या गोळीची ऊर्जाही .४५ इतकीच, ५०० ज्यूलच्या आसपास. संवेग मात्र २.९ च, आणि मनगटाचा हिशेब संवेगाशी असतो.

पण माझं खरं प्रेम ब्राउनिंगच्या युक्तीवर आहे. नळीत दाब प्रचंड असताना मागचं दार उघडलं, तर काडतुसाचं पितळी कवच फाटून वायू झाडणाऱ्याकडेच येतील. दार केव्हा उघडायचं हे ठरवणार कोण? अंबाझरी तलावातली होडी आठवा. तुम्ही होडीत पुढे चालत गेलात की होडी मागे सरकते. किती, ते दोघांच्या वजनाच्या गुणोत्तरावर. इथे चालणारी ती गोळी, आणि होडी म्हणजे नळी आणि वरची स्लाइड (मागे-पुढे सरकणारं वरचं आवरण): एकमेकींत अडकवलेल्या, मिळून अर्धा किलो. १५ ग्रॅमची गोळी १२७ मिलिमीटरची नळी पार करेपर्यंत ही जोडी चारेक मिलिमीटर मागे सरकते. दारू कमी-जास्त असली, तरी हे अंतर फारसं बदलत नाही! ब्राउनिंगने त्यानंतरच एका छोट्या दुव्याने नळीची मागची बाजू खाली ओढली. अडक सुटते, स्लाइड एकटी मागे जाते, कवच बाहेर फेकते, परतताना पुढचं काडतूस घेऊन येते. घड्याळाशिवायचं घड्याळ.

छोट्या पिस्तुलात हे घड्याळ घाईवर येतं. नळी ७५-८० मिलिमीटर, स्लाइड हलकी म्हणून वेगवान, आणि तिला मागे जायला जागा कमी. मग स्प्रिंग कडक लागते. त्यात मनगट ढिलं पडलं, तर खालचा सांगाडाही स्लाइडबरोबर मागे जातो, ती पूर्ण मागे पोचत नाही, आणि रिकामं कवच तोंडाशीच अडकतं. आखूड नळीमुळे गोळीचा वेगही घटतो. अर्धवट जळालेले तप्त वायू बाहेर येऊन पेटतात आणि मोठा जाळ दिसतो. त्या जाळालाच लोक ताकद समजतात. लपवण्यासाठीच छोटं हवं असेल, तर मी बोर लहान घेतलेला बरा म्हणेन.

आमच्या ओळखीत एकजण खंडेनवमीला परवान्याच्या पिस्तुलाला लिंबू बांधतात, गोळी अडकू नये म्हणून. लिंबू पन्नास ग्रॅमचं धरलं आणि ६०० ग्रॅमच्या त्या .४५ ला कायमचं बांधलं, तर बाराचे अकरा ज्यूल होतील खरे.