ब्राह्मी मागितली, आली कोणती?

आमच्या आजीची ब्राह्मी म्हणजे कुंडीत पसरलेली, लांब देठाची, गोल पानाची, पानाच्या कडेला बारीक दातरे. मागच्या महिन्यात इंदूरच्या सियागंज बाजारातून वाळलेल्या ब्राह्मीची पुडी आणली, पाण्यात भिजवून बशीत पसरली तर एक पान गोल नाही, सगळी इवलीशी, चमच्यासारखी. मला वाटलं पंसाऱ्याने फसवलं, पण त्याचं काहीच चुकलं नव्हतं!

आजीची ती मंडूकपर्णी, सेंटेला एशियाटिका, कोथिंबीर-गाजराच्या कुळातली, महाराष्ट्रात कितीतरी घरांत तिलाच ब्राह्मी म्हणतात. पुडीतली होती बॅकोपा मोनिएरी, पाणथळ जागी वाढणारी, हिंदीत जलनीम, मराठीत नीरब्राह्मी. सरकारी आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या प्रमाण ग्रंथात, ब्राह्मी म्हणजे बॅकोपा, आणि मंडूकपर्णी वेगळी. एकीत बॅकोसाइड असतात, दुसरीत एशियाटिकोसाइड, म्हणजे आतली रसायनंच वेगळी, त्यामुळे एकीवर झालेलं संशोधन दुसरीच्या नावावर खपवणं मला साफ चूक वाटतं.

जुन्या निघंटूंमध्ये, म्हणजे औषधी वनस्पतींच्या कोशांमध्ये, नावं गुणावरून, रूपावरून पडायची. अमृता म्हणजे गुळवेल, पण हिरडाही अमृता आणि आवळाही अमृता. वैद्य स्वतः झाड ओळखून आणायचा तेव्हा यात भागतही असेल, आज आपण फक्त नाव घेऊन दुकानात जातो.

त्यात इंदुरात आपण अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलणार. कडू जिरं हवं तर काली जीरी म्हणायचं, काला जीरा म्हटलंत की शहाजिरं हातात येतं, आणि बंगाली शेजारणीचं कालो जीरे म्हणजे आपली कलौंजी. तिन्ही वेगळी झाडं.

म्हणून ते दोन शब्दांचं लॅटिन नाव बघायचं, लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये तेव्हा माहीत असलेल्या सगळ्या वनस्पतींना लावलेली पद्धत, पाकिटावर बारीक अक्षरात असतं. सुट्या पुडीवर ते नसतं, आणि मला खरी काळजी तिथेच वाटते, कारण खुरासानी ओवा नावाचं बी पण सुटं मिळतं आणि तो ओवा नाहीच, धोत्र्याच्या कुळातला आहे, त्यात हायोसायमिन आणि स्कोपोलामिन असतं, जास्त पोटात गेलं तर तोंड कोरडं पडतं, नाडी धावते, माणूस भ्रमिष्टासारखं बरळायला लागतो. आपल्याकडे पोट दुखलं की लहान मुलालाही चिमूटभर ओवा चावायला देतात, तेव्हा ती पुडी ओव्याच्या डब्याशेजारी ठेवूच नका.